अहमदपूर ते नेपल्स, हातोहात

नेपल्स, १२ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. उमादेवीस,
शरणार्थ आणि आशीर्वाद.

सुखरूप पोचले. शिवमूर्ती विमानतळावर आला होता. चार वर्षांनी पाहिला. पोट सुटलंय आणि बापासारखं टक्कल पडू लागलंय. तो पाया पडला, मी म्हटलं, "ऊठ, पिशवी फाटेल, तिच्यात तुरीची डाळ आहे." मग घरापर्यंत दोघं डाळीवरच बोलत आलो.

घर चौथ्या मजल्यावर आहे. सज्जात उभं राहिलं की समोर समुद्र, खाली बंदर, आणि डाव्या हाताला तो डोंगर. दोन वशिंडांच्या उंटासारखा बसलेला. शहर अडीच हजार वर्षांचं आहे म्हणतात आणि तेव्हापासून या उंटाच्या पायाशी मुकाट राहतंय. बंदरात शिवमूर्ती ज्या गोदीत जहाजं दुरुस्त करतो तिचे यारी-खांब इथून दिसतात. समुद्रात पाय बुडवून बसलेला एक किल्ला आहे. त्याच्या पायात कुण्या जादूगारानं अंडं ठेवलंय आणि ते फुटलं की शहर बुडणार, असं इथले लोक सांगतात. मी आत गेले नाही. अंड्यावर उभ्या असलेल्या वास्तूत आपलं काय काम?

सून लुचिया उंच आहे, हसरी आहे, मार्चअखेर बाळंत होईल. तिची आई असुंता खालच्या गल्लीत राहते आणि दिवसातून चारदा येते. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. अजून एकदाही मतभेद झालेला नाही.

कोपऱ्यावर एक दगडी हौद आहे, त्याच्यावरच्या नळाला दिवसभर धार. मी तोटी शोधली. तोटीच नाही. पाणी कुणी भरत नाही, नुसतं वाहून जातं. पहिल्या दिवशी मी घरून बादली आणून खाली लावली आणि भरल्यावर कुठं ओतावी कळेना, म्हणून तिथंच उभी राहिले.

आता कामाचं. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला हवं. इथं पूजा करून देणारा अय्या कुठला मिळायचा? ते आपल्या मठातूनच यायला हवं. सासरी माझं कुणी उरलं नाही, हे तू जाणतेस. १० मेला माझं परतीचं विमान आहे. त्याआधी पोराच्या गळ्यात ते पडलं तर मी आजी म्हणून परत येईन. नाही तर पाहुणी म्हणून आले आणि पाहुणी म्हणून गेले. सिद्रामला तूच सांग. मी निघताना त्यानं माझी ट्रंक स्टँडपर्यंत डोक्यावर आणली, पण एक शब्द बोलला नाही. माझा भाऊ आहे, मला त्याचं गप्प बसणं ओळखू येतं.

तुझी,
पार्वतम्मा


अहमदपूर, २५ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कांना,
उमाचा शरणार्थ.

पत्र पोचलं. यांना वाचून दाखवलं. डोंगरापर्यंत नीट ऐकलं. शिवमूर्तीचं नाव आलं तसे उठले आणि साखर तोलायला लागले. दुकानात गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

तुमचा तो डोंगर आम्ही पाहिलेला आहे अक्का. शिवमूर्तीनं लग्न कळवलं त्याच कार्डावर होता. तुम्ही तेव्हा उदगीरला गेला होता म्हणून तो दिवस तुम्हाला ऐकूनच माहीत. लातूरचे शिवप्पा शिवमूर्तीशी आपल्या मुलीचं ठरवायला दुकानात येऊन बसले होते, हातात चहाचा कप. पोस्टमन श्रीमंत आला आणि कार्ड देता देता वाचतच आला, "अप्पा, भाच्याचं लगीन झालं की तिकडंच. चित्र बी लई भारी हाय." शिवप्पांनी कप खाली ठेवला. आपल्या घरात वाढवलेल्या पोराचं लग्न यांना पोस्टमनकडून कळलं, तेही मुलीच्या बापासमोर. चार वर्षं झाली, तो कप अजून यांच्या डोळ्यासमोरून हलत नाही.

मी मठात जाऊन आले. अय्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. इष्टलिंग पोस्टानं जायचं नाही. ते तळहातावरून तळहातावर जातं, मधे जमिनीला टेकायचं नाही, पिशवीत पडायचं नाही. नेणाऱ्यानं आंघोळ करून घ्यायचं आणि उराशी बांधून न्यायचं. जात-कूळ विचारणार नाही म्हणाले, हात स्वच्छ आणि मन साधं असलं की पुरे. दुसरी गोष्ट, ते मागायला घरच्या कर्त्यानं यायचं. "सिद्रामप्पांना पाठवा, बाळ चाळीस दिवसांचं होईपर्यंत वेळ आहे," म्हणाले.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "ज्याला लगीन सांगायला मामा लागला नाही, त्याला लिंग मागायला कशाला लागतो?" एका अर्थी खरंच आहे ते.

इकडं पाणी पाचव्या दिवशी येतं. मठाची विहीर तळाला गेली. टँकर आला की पोरीबाळी हंडे घेऊन धावतात आणि नंतर गल्लीत उभ्या राहून कुणाच्या हंड्याला किती पोचे पडले ते मोजतात. शेजारच्या गुणाबाईला तुमच्या तोटी नसलेल्या नळाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अक्कांना कळवा, तोट्या मी पाठविते. आमच्या तोट्यांला सध्या काही काम न्हाई."

आणखी एक. तुम्ही पाकिटावर 'जि. उस्मानाबाद' लिहिलंत. आपण ऑगस्टपासून लातूर जिल्ह्यात आहोत अक्का. यांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्यानं 'लातूर' एवढं मोठं काढलं की 'किराणा' कोपऱ्यात गेलं. लोक लांबून विचारतात, हे कचेरी आहे का म्हणून. पत्ता नीट लिहीत जा.

उमा


नेपल्स, ८ मार्च १९८३

चि. सौ. उमादेवीस आशीर्वाद.

माझ्याकडचं भस्म संपलं. असुंतानं डबी उघडून वास घेतला, बाळासाठी आणलेली पावडर समजली आणि स्वतःच्या नातवाला, म्हणजे मोठ्या मुलीच्या पोराला, आंघोळ घालून मानेपासून पायापर्यंत चोपडली. पोरगं साक्षात महादेव होऊन रांगत आलं. मला रागावताही येईना. मी हात जोडले. तिला वाटलं मी आभार मानले.

मग शिवमूर्ती म्हणाला, "अव्वा, डोंगरावर जाऊ, तो सगळा राखेचाच आहे." रविवारी गेलो. अर्धी वाट मोटारीनं, पुढं पायी. चाळीस वर्षांमागं तो शेवटचा पेटला होता. आता गप्प आहे, पण वर तोंडाशी खडकांतून वाफ निघते. हात धरला तर तव्यावरून भाकरी उतरवताना लागते तशी. वरून सगळं शहर दिसतं, बंदरातली जहाजं डाळीच्या दाण्यांएवढी. खालच्या उतारावर द्राक्षं आणि टोमॅटो पिकतात. टोमॅटोचे घोस बांधून सज्जात टांगतात, ते थंडीभर टिकतात म्हणे. ज्या डोंगरानं गावंच्या गावं गाडली त्याच्याच राखेवर हे लोक टोमॅटो लावतात. शिवमूर्तीला विचारलं, "भीती नाही वाटत?" म्हणाला, "वाटते. मग दुसऱ्या दिवशी कामावर जातात."

रुमालभर राख आणली. अंगातून ज्वाळा काढणारा डोंगर, त्याची राख म्हणजे शंकराचीच, असं मी धरून चालले. सकाळी पूजेला बसून कपाळावर तीन बोटं ओढली आणि कपाळ सोलून निघालं. राख कसली, काचेचा चुरा. असुंतानं ऑलिव्हचं तेल लावलं आणि तासभर हसली. लुचियानंही हसू दाबलं होतं, ते मला दिसलं.

आता नीट वाच. नांदेडचा रेणुकादास आठवतो का? शिवमूर्तीच्या वर्गात होता, देशपांडे मास्तरांचा. तो मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे आणि २० एप्रिलला त्याचं जहाज मुंबईहून सुटून मेच्या सुरुवातीला इथं येतंय. १० एप्रिलपर्यंत तो नांदेडला सुट्टीवर आहे. त्याला शिवमूर्तीनं लिहिलंय. तो म्हणतो, उराशी बांधून आणीन, इंजिनात उतरताना कप्तानाच्या हाती देईन, पण खाली ठेवणार नाही. तेव्हा तू नांदेडपर्यंत नेऊन त्याच्या हातावर दे. सिद्राम मठात जाईल एवढं मात्र बघ. ते तुझ्याच हाती आहे.

पार्वतम्मा


अहमदपूर, २० मार्च १९८३

ती. अक्कांना शरणार्थ.

तुमच्या पत्राबाबत एक चूक माझ्याकडून झाली. राखेचं अर्धंच वाचून मी गुणाबाईला सांगून बसले की अक्कांना शंकराच्या डोंगराचं भस्म मिळालं. दुपारपर्यंत पाच जणी डब्या घेऊन दारात. मग उरलेलं अर्धं वाचलं, कपाळ सोलल्याचं. त्यांना ते सांगितलं तर म्हणतात, "असू द्या, चिमूटभर तरी मागवा." अय्यांना विचारलं. ते हसून म्हणाले, "भस्म गाईच्या शेणाचं. त्या डोंगराला आधी गाय व्हावं लागेल."

यांचं सांगते. परवा जेवताना मधेच म्हणाले, "ती पोरगी भाकर करती का?"

"कोण पोरगी?"

"कुणी न्हाई. भाकर वाढ."

काल दुकान बंद करून मठाच्या रस्त्यानं गेले. मी गच्चीवरून बघत राहिले. मठाच्या दारापर्यंत गेले, तिथल्या पिंपळाभोवती फिरले, चप्पल काढली, परत घातली आणि आले. मी विचारलं, कुठं गेला होता? म्हणाले, "पाय मोकळे करायला." त्या रस्त्याला पाय मोकळे करायला हे आयुष्यात कधी गेले नाहीत.

मी ८ एप्रिलला नांदेडला जाणार. एसटीची वेळ काढून ठेवलीय. हे मठात गेले तर हातात घेऊन जाईन. नाही गेले तर रेणुकादासाला रिकाम्या हातानं सांगून येईन की आमच्या घरात एक माणूस पिंपळापर्यंत पोचलेला आहे.

तुम्हाला खोटं लिहावंसं वाटत नाही. आशा निम्मी आहे.

उमा


नेपल्स, २९ मार्च १९८३

चि. सौ. उमा,

मुलगी झाली. परवाच्या शनिवारी सकाळी, डोंगरावर ऊन येताना. लुचिया बरी आहे. पोरीचं नाक आपल्या घरचं आहे, त्याला इलाज नाही.

पण दुसरी बातमी घाईची. रेणुकादासाची सुट्टी तोडली, तो नांदेड सोडून मुंबईला गेला. जहाज १४ एप्रिललाच सुटणार. पुढचं असं जहाज कधी ते कुणाला ठाऊक नाही. म्हणजे आता नांदेडला जाऊन उपयोग नाही, १३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मुंबईच्या गोदीत त्याच्या हातावर द्यायला हवं. तू एकटी मुंबईला कशी जाशील? मलाच सुचत नाही. सोबतच्या कागदावर गोदीचा आणि जहाजाचा पत्ता शिवमूर्तीनं लिहिलाय.

काल बाळ झोपल्यावर मी त्याला चार वर्षांचा प्रश्न विचारला. कार्ड का पाठवलंस? मामाला पाकीट मिळत नव्हतं का? तो दुपट्यांच्या घड्या करत बसला. मग म्हणाला, "अव्वा, अकरा पाकिटं लिहिली. मामांना लिहायला बसलो की पानंच्या पानं व्हायची. त्यांनी मला सायकलवर पुढं बसवून शाळेत नेलं तिथपासून सुरू व्हायचं. वाचलं की वाटायचं, मी लाडीगोडी लावतोय. फाडायचो. शेवटी कार्ड घेतलं, त्यावर चार ओळीच मावतात. तेवढ्या खऱ्या होत्या." तिकडं पोस्टमन वाचेल, समोर शिवप्पा बसले असतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी त्याला त्या दिवसाचं सांगितलं. तो उठून सज्जात गेला आणि बंदराकडं तोंड करून उभा राहिला.

हे सिद्रामला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं, सांगू नकोस. त्याला दया दाखवलेली आवडत नाही आणि मागितलेलीही.

पार्वतम्मा


मुंबई, १३ एप्रिल १९८३

ती. अक्कास,
सिद्रामचा शरणार्थ.

तू पाकिटावर परत 'जि. उस्मानाबाद' लिहिलंस. ते तिकडं फिरून ११ तारखेला दुपारी दुकानात आलं. दोन-दोन शिक्के बघून मला वाटलं वाईट बातमी आहे, म्हणून फोडलं. पत्र उमाच्या नावाचं होतं हे खरं. पण वाचलं. शेवटची ओळसुद्धा.

उमाला हाक मारली. ती आली, माझ्या हातात पत्र बघून दारातच थांबली. म्हटलं, "उद्याची नांदेडची पहिली गाडी किती वाजता?" तिनं पाठच होती तशी वेळ सांगितली; ८ तारखेलाच ती नांदेडला जाऊन, रेणुकादास मुंबईला गेल्याचं ऐकून परतली होती. चोरून तयारी करणाऱ्या बाया घरात असल्या की माणसाला वेळापत्रक लागत नाही.

१२ ला पहाटे एका हंड्यात आंघोळ केली आणि मठात गेलो. अय्या अंगणातच उभे होते. मी म्हटलं, "भाचीचं... न्हाई, भाच्याच्या पोरीचं मागायला आलो." ते म्हणाले, "चप्पल काढून आलात का, की पिंपळाला ठेवली?" म्हणजे त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. त्यांनी पूजा करून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. केवढंसं आहे, जांभळाएवढं. हात जड झाला.

वस्त्रात गुंडाळून माझ्या स्वतःच्या इष्टलिंगाशेजारी गळ्यात बांधलं. नांदेडहून रेल्वेनं मनमाड, तिथून मुंबई. आंघोळीची सोय नाही म्हणून वाटेत जेवलो नाही. डब्यातल्या एका बाईनं तीनदा भाकरी पुढं केली. शेवटी वैतागून म्हणाली, "उपास हाय का रुसवा?" म्हटलं, "रुसवा काल संपला, उपास उद्या संपंल."

बोरीबंदरहून गोदीपर्यंत चालत गेलो. आपण साठ वर्षांचे झालो आणि समुद्र आज पाहिला. एवढं पाणी आणि एक घोट पिण्यालायक नाही. अहमदपूरच्या माणसाला चिडवायला ठेवल्यासारखं. तरी थोडा वेळ बघत उभा राहिलो. तुझ्या पत्रातलं खरं आहे, जहाज लांबून डाळीच्या दाण्याएवढं दिसतं. जवळ गेलं की आपणच डाळीचा दाणा.

फाटकावर पहारेकऱ्यानं गळ्यात काय आहे विचारलं. सोडून दाखवलं. म्हणाला, "तुमच्या लोकांच्या गळ्यात एक असतं, तुमच्या दोन कशी?" मी म्हटलं, "एक माझं. एक माझ्या नातीचं." त्यानं आत सोडलं. चार पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी काय बोललो ते.

रेणुकादास आंघोळ करून, ओल्या केसांनी, जिन्याच्या पायथ्याशी डावा हात पुढं करून उभा होता. देशपांडे मास्तरांचं पोरगं शहाणं निघालं. त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं माझ्यासमोर गळ्यात बांधलं, वरून बंडी घातली, बंडीची सगळी बटणं लावली. मग मला आंघोळ करायला लावून दोन ताटं जेवायला घातलं.

शिवमूर्तीला सांग, अकरा पाकिटं फाडायचं कारण नव्हतं. एक पाठवलं असतं तरी मी वाचलं नसतंच त्या वेळी. पण ठेवलं असतं.

पोरीचं नाव काय ठेवता ते कळवा. ती सून भाकरी करते का, हे उमाला विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं नाही.

सिद्राम


नेपल्स, ४ मे १९८३

चि. सिद्राम आणि चि. सौ. उमादेवीस,
शरणार्थ आणि अनेक आशीर्वाद.

आज लिफाफ्यावर आधी 'जि. लातूर' लिहिलं आणि मग पत्र लिहायला घेतलं.

सिद्राम, तुझं पत्र शिवमूर्तीनं एकदा मोठ्यानं वाचलं, मग एकट्यानं वाचलं. नंतर खाली जाऊन एक कोरं पाकीट घेऊन आला. ते तुला वेगळं येईल. जाड आहे, श्रीमंतला ते उघडता येणार नाही.

जहाज काल लागलं. बाळाचा एकोणचाळिसावा दिवस. आम्ही सगळे बंदरावर गेलो. असुंतानं सणाचा काळा झगा घातला होता आणि बाळ तिच्याकडं होतं. वाऱ्यानं डोंगर स्वच्छ दिसत होता, दोन्ही वशिंडं. रेणुकादास उतरला. गळ्याशी हात धरलेला. वाटेत एकदा वादळ लागलं, तो तीन दिवस उताणा झोपला, पालथा वळला नाही, म्हणाला. मला वाकून नमस्कार करता येईना त्याला, म्हणून डोळ्यांनीच केला आणि वस्त्र सोडलं.

मी आंघोळ करून, कोरं लुगडं नेसून गेले होते. तीन महिने याच घटकेची वाट पाहिली. हात पुढं केलाही. माझ्या शेजारी लुचिया उभी होती. तीही पहाटे उठून न्हाली होती, मी सांगितलं नव्हतं. केस अजून ओले. हात मागं बांधून उभी होती, आपलं काही नाही अशा रीतीनं, जशी तुझ्या दुकानात परकी बाई उभी राहते. या मुलीच्या घरात मी तीन महिने राहिले. तिनं माझ्यासाठी घरात मासळी आणली नाही, डाळ शिजवायला शिकली, आणि मी मनात हिशेब करत होते की मी आजी म्हणून परत जाणार की पाहुणी म्हणून. तिला कुणी काय म्हणून घरात घेतलं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी हात मागं घेतला. म्हटलं, "रेणुकादास, तिच्या हातावर दे. पोरीची आई आहे."

शिवमूर्तीनं तिला सांगितलं. तिनं डावा हात पुढं केला. मी खालून माझा तळहात लावला. तिनं विचारलं, हे खाली कुठं ठेवायचं? शिवमूर्ती म्हणाला, ठेवायचं नाही. घरी जाईपर्यंत असंच.

मग ती चालली. बंदरापासून घरापर्यंत सगळा चढ आहे, अर्धा तास लागतो. हात छातीसमोर, तळवा आभाळाकडं, नजर त्याच्यावर. असुंता बाळाला घेऊन पुढं, लोकांना बाजूला करत. मासळीबाजारातल्या कोळणींनी पाट्या मागं ओढल्या. असुंतानं काय सांगितलं कुणास ठाऊक, दोघीतिघींनी डोक्यावर रुमाल ओढले. शिवमूर्तीला म्हटलं, मोटार बघ एखादी. तो म्हणाला, अव्वा, मामा बोरीबंदरहून चालत गेले होते.

चौथा मजलाही ती तशीच चढली. मी पुढं पळाले. स्वयंपाकघरातून पेलाभर तांदूळ घेतले आणि उंबऱ्यावर ठेवले. तिला माप माहीत नाही. मी माझा पाय उचलून दाखवला. तिचा हात मोकळा नव्हता, तिनं उजव्या पायानं पेला लोटला आणि घरात आली. लग्नाच्या चार वर्षांनंतर.

तांदूळ पार जिन्यापर्यंत गेले. असुंता झाडू घेऊन धावली. मी तिच्या हातातून झाडू काढून घेतला आणि बाळाला माझ्याकडं घेतलं.

इष्टलिंग लुचियानंच बांधलं. नावही तिनंच शोधलं, माझ्याकडून ऐकलेल्या नावांतून. शिवगंगा. दिवाळीला तिघं अहमदपूरला येतायत. लुचियाला भाकरी येत नाही, सिद्राम. तिनं निरोप दिलाय, मामांनी पहिली वाईट भाकरी हसत खायची तयारी ठेवावी.

तुमची,
अक्का